गणिताच्या पुस्तकाला लावलेला कौल

हळर्णात विनोदिनीपेक्षा तिच्या रागाला जास्त लोक ओळखायचे. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलचा भोंगा सगळ्या वाड्यावर वाजवत न्यायचा, पण तिच्या दारापाशी आला की मुकाट उतरून टोपलीवरचं फडकं स्वतःच बाजूला करायचा. एकदा त्याने कालचे उंडे आजचे म्हणून दिले होते आणि त्यानंतर त्याला काय ऐकावं लागलं ते त्याने पुढच्या गावातही सांगितलं होतं. बाई वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही, असं लोक म्हणत. लगाम घालून बसलेल्या बायका त्या वाड्यावर पुष्कळ होत्या, आणि त्यांचं कुणी काही भलं केल्याचं ऐकिवात नाही.

ती मूळची डिचोलीची. बापाचं बाजारात बांगड्यांचं दुकान. मराठी शाळेत चौथीपर्यंत तोंडी गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. पाचवीत ती हायस्कूलला गेली आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं गणित इंग्रजी होऊन बसलं. आकडे तेच, फळाही तसाच काळा, पण मास्तर काय विचारतात तेच कळेना. उत्तर पोटात असायचं आणि प्रश्न समजायचा नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूहळू शेवटच्या बाकावर सरकली, नववीत नापास झाली आणि बापाने स्थळं बघायला घेतली. आपण ढ नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते दाखवायला जागाच कुणी ठेवली नव्हती. हा राग पदरात बांधून ती पेडणे तालुक्यात, हळर्णाला सासरी आली.

नवरा जयवंत डिचोलीकडच्या एका खाणीवर मेकॅनिक होता आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. माणूस गोड, पण घरात आवाज चढला की त्याला नेमकी स्कूटर पुसायची आठवण व्हायची. सासरे पांडुरंग गावच्या रवळनाथाच्या देवळातले मानकरी होते. विहीर खणायची असो की पोरीचं लग्न ठरवायचं असो, देवाला विचारल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात धाकटा दीर दत्तप्रसाद राहायचा. तो सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर, आणि त्या वर्षांत मास्तरकीपेक्षा मराठी भाषेच्या सभांमध्ये जास्त दिसायचा.

गोवा राज्य झालं त्या वर्षी विनोदिनीची एकुलती एक मुलगी संजना पाचवीत गेली. गणपतीची चवथ होऊन शाळा पुन्हा सुरू झाली, आणि एक दिवस इंग्रजीच्या तासाला ती बाकावरून खाली कोसळली. हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. वर्गातली पोरं बाकांवर चढून बघत राहिली. कुणीतरी चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, कुणीतरी दातांत लाकडी पट्टी कोंबली आणि तिचा ओठ फाटला. शाळेच्या शिपायाने तिला रिक्षात घालून घरी आणली तेव्हा तिच्या फ्रॉकवर रक्त होतं आणि ती घाबरून एकच विचारत होती, माझं दप्तर कुठे आहे म्हणून.

पणजीच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, तीनेक वर्षं, एकही चुकवायची नाही. शाळेत पाठवायला माझी हरकत नाही, असंही ते म्हणाले. ते हेडमास्तरांना सांगायला विनोदिनी गेली तर हेडमास्तरांनी टेबलावरच्या काचेवर बोटं वाजवत सांगितलं, "डॉक्टरांची हरकत नसेल, पण इतर पालकांची आहे. मुलं घाबरतात. तुम्ही तिला घरी शिकवा. सातवीपर्यंतचा अभ्यास करून घ्या, आठवीला आम्ही एक टेस्ट घेऊ, गणिताची आणि इंग्रजीची. बाकीचे विषय पाठ करता येतात. गणित कच्चं असलं तर मात्र मला तिला आठवीत बसवता येणार नाही."

लगाम नसलेली बाई तिथे गप्प राहिली, कारण आठवीचा दरवाजा त्या माणसाच्या हातात होता. सगळं ती परतीच्या बसमध्ये बोलली आणि कंडक्टरने तिच्याकडे तिकिटाचे पैसे मागायला दोन थांबे जाऊ दिले.

मग प्रश्न आला पुस्तकाचा. बाकीच्या विषयांना कुणी विचारलं नाही. इतिहास-भूगोल काय, पोरगी वाचेल. पण गणित कुठल्या पुस्तकातून शिकवायचं यावर घरात जी वटवट झाली तिला तोड नाही. दत्तप्रसाद सावंतवाडीला गेला आणि पाचवी, सहावी, सातवीची मराठी गणिताची पुस्तकं घेऊन आला. चौथीपर्यंत पोर मराठीत शिकली, आता घरीच शिकायचं आहे तर मध्येच परक्या भाषेत का टाकायची, हा त्याचा मुद्दा. मुद्दा वाईट नव्हता, पण त्याने तो सभेत मांडावा तसा मांडला. त्याच रविवारी विनोदिनीचा भाऊ सुधीर डिचोलीहून आला. तो कोकणीवाला. मराठी ही आपली भाषा नव्हेच, असं तो सोप्यावर बसून कोकणीत तावातावाने सांगत होता, आणि पिशवीतून बाहेर काढलं काय, तर हायस्कूलची इंग्रजी पुस्तकं.

दोघे एकमेकांवर तुटून पडले. राज्य, भाषा, संस्कृती, कुणाचे पूर्वज काय बोलत होते. संजना आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला भागाकार येतो का, हे त्या दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

विनोदिनी चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि दिराला म्हणाली, "भावजी, आमच्या अनिलाक पण हीच पुस्तका हाडलात?"

दत्तप्रसादचा मुलगा अनिल म्हापशाला इंग्रजी शाळेत जात होता, पहिलीपासून. दत्तप्रसादने चहा घेतला आणि तो फार गरम असल्यासारखा बराच वेळ फुंकत बसला. सुधीर हसला, तेव्हा ती भावाकडे वळली. "तू दात काढू नको. कोकणीच्या नावान गळो फोडतंस आणि भाचीक हाडून दितंस इंग्लिश. तुमी दोघय माज्या चेडवाच्या डोक्यार उभे ऱ्हवान भांडतास."

सगळं ऐकत बसलेल्या पांडुरंगांनी तेव्हा तोंड उघडलं. "तुमचा कोणाचाच नको. देवाक इचारूया."

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटायचं नाही, पण पेडण्यात कौल लावल्याशिवाय कामं होत नाहीत. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, किंवा आधी ठरेल तसं. एकदा कौल मिळाला की तो मोडायचा नाही. मोडला आणि घरात काही वाईट घडलं, तर ते कशामुळे घडलं याचा वाद उरत नाही.

सोमवारी सगळे देवळात गेले. बाबली गुरवाने आयुष्यभर हरवलेल्या म्हशी, अडलेली लग्नं आणि भावकीतली भांडणं देवापुढे घातली होती. गणिताचं पुस्तक त्याच्याही वाट्याला पहिल्यांदाच आलं असावं. प्रश्न काय घालायचा ते दत्तप्रसादने त्याच्या कानात सांगितलं. बाबलीने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, ह्या पांडुरंगाच्या घरच्यांनी आज तुज्या पायाकडे गाराणा घातलेला आसा म्हाराजा. ह्या चेडवाच्या अंगात जी काय पीडा आसात ती दूर कर म्हाराजा. आणि ता घरात बसान गणित शिकतला, ता मराठी पुस्तकान शिकायचा आसात तर उजवी दी, इंग्लिश पुस्तकान शिकायचा आसात तर डावी दी, आणि खरो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

कळी पडेना. विनोदिनी बायकांच्या बाजूला उभी राहून धुमसत होती. तिच्या मनात येत होतं, देवाला विचारायचंच होतं तर हे विचारा की पोरीला शिकवणार कोण. हे विचारा की हेडमास्तर टेस्ट इंग्रजीत घेणार आहे ती ही कशी देणार. देवापुढे प्रश्न घालायचा पुरुषांनी, आणि त्याने जे उत्तर दिलं त्याच्याखाली राबायचं बायकांनी. मग उजवी कळी घरंगळत खाली आली. दत्तप्रसादने अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं, जणू देवानेच त्याच्या सभेला हजेरी लावली होती.

दत्तप्रसादने तिला शिकवायला सुरुवात केली, नाही असं नाही. गणपतीतल्या पाहुण्यासारखा दीड दिवस म्हणावा इतकाच टिकला. मग मोर्चा होता, मग ठराव होता, मग पणजीला बैठक होती. सावंतवाडीची कोरी पुस्तकं माजघरातल्या फळीवर पडून राहिली. एक दिवस विनोदिनीने ती खाली काढली, पदराने पुसली आणि संजनाला समोर बसवलं.

"अर्धो आणि एक तृतीयांश मिळान किती?"

संजनाने लिहिलं, दोन पंचमांश. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली.

"तुज्या ताटात अर्धी भाकरी होती," विनोदिनी म्हणाली. "मी वयर आणखी एक तुकडो वाडलंय. आणि तुजी भाकरी कमी झाली? दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. खंय गेली भाकरी?"

संजनाने घाबरून उत्तर खोडलं. विनोदिनीला धक्का बसला तो त्या उत्तराचा नव्हता. मराठी की इंग्रजी म्हणून सोप्यावर एवढं रण पेटलं, आणि पोरीला साधा अपूर्णांक कुठल्याच भाषेत येत नव्हता. चौथीतला तो भाग शिकवला तेव्हा ती तापाने घरी होती, असं नंतर कळलं. विनोदिनी तशीच उठून दत्तप्रसादकडे गेली आणि तिसरी-चौथीची पुस्तकं मागितली.

"वयनी, कौल पाचवी ते सातवीच्या पुस्तकांक लावलेलो आसा," तो म्हणाला.

"देवाक तुमी भाषा सांगलात, इयत्ता सांगूक नाय. द्या पुस्तका."

अकरा वर्षांची घोडी तिसरीचं पुस्तक घेऊन अंगणात बसते म्हणून वाड्यावरच्या बायका हसल्या. विनोदिनीने त्यांना काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या पुस्तकापासून सुरुवात केली ते बरोबर होतं. पोर चटाचट पुढे सरकली. आणि विनोदिनीच्या लक्षात आलं की आपणही सरकतो आहोत. मराठी पुस्तकातली उदाहरणं तिला पाण्यासारखी कळत होती. लसावि, मसावि, त्रैराशिक, शेकडेवारी. म्हणजे हायस्कूलच्या वर्गात आपल्याला जे कळत नव्हतं ते हे होतं? एवढंसं? तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला इतका संताप आला की त्या दिवशी तिने विहिरीवर घागर आपटली. एवढ्याशासाठी आपण इतकी वर्षं शेवटच्या बाकावर बसलो, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना.

देवाचा कौल बरोबर निघाला होता आणि त्याचाही तिला राग आला. कारण तो दत्तप्रसादच्या तोंडून विचारलेला होता.

ती पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवत नसे. दुपारी जेवणं झाली की दोन्ही भाषांची पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बसायची, धडे ताडून बघायची. मराठीत ऋण संख्या उशिरा येतात, इंग्रजीत आधीच येऊन बसल्या आहेत. इंग्रजीत अपूर्णांक झाल्या झाल्या बीजगणिताची अक्षरं येतात, मराठीत मध्ये व्याज आणि नफा-तोटा आहे. तिने स्वतःचा क्रम लावला. अपूर्णांक पक्के होईपर्यंत पुढे काही नाही. मग दशांश, मग शेकडेवारी, कारण तीनही एकाच घरातली भावंडं. ऋण संख्या आधी उरकायच्या, म्हणजे टेस्टला आल्या तर घाबरायला नको. भूमिती तिने जयवंतावर ढकलली, कारण कंपासपेटी पाहिली की तिला नववीचा वर्ग आठवायचा. इंग्रजी पुस्तकाला तिने शिकवण्यासाठी हात लावला नव्हता. नुसतं बघितलं तर कौल मोडत नाही, असं ती सासऱ्यांना म्हणाली होती.

सातवीच्या वर्षी मात्र बघून भागणार नव्हतं. टेस्ट इंग्रजीत होती. गणित पोरीला आलं होतं. आता त्यावर इंग्रजी शब्दांचे कपडे चढवायचे होते. अपूर्णांकाला काय म्हणतात, बाकी कशाला म्हणतात, 'किती उरले' असं विचारायचं असेल तर वाक्य कसं येतं. विनोदिनीने इंग्रजी पुस्तक सोप्यावर, सगळ्यांसमोर उघडलं.

पांडुरंग म्हणाले, "देवान उजवी दिलेली."

"दोन वर्सां उजवीनच चललंय, मामानू. आता परीक्षा डावीकडे आसा."

त्यांनी तोंड फिरवलं. आतापर्यंत पंक्तीला बसणाऱ्या दत्तप्रसादने जेवण आपल्या भागात न्यायला सुरुवात केली. जयवंत स्कूटर पुसू लागला.

इंग्रजी संजनाला जड गेलं. आणि संध्याकाळच्या गोळीनंतर तिचे डोळे मिटायला लागायचे. विनोदिनीला वेळ मिळायचा तो संध्याकाळीच, सगळं आवरल्यावर. पोर पेंगली की तिच्या मस्तकात तिडीक जायची. "झोपतंस? थयसर हेडमास्तर झोपाक गादी घालतलो तुका? डोळे उघड. ह्या वाक्यात काय इचारलेला आसा? सांग." पोर दचकून जागी व्हायची, चुकीचं उत्तर द्यायची, पुन्हा ओरडा खायची. विनोदिनीला वाटायचं आपण तिच्यासाठी ओरडतो. तिला दिसायचा तो हेडमास्तर, दीर, सोप्यावरची ती वटवट. समोर मात्र बसलेली असायची संजना.

मग शिमग्याच्या आसपास, परसात कपडे वाळत घालताना संजनाला फीट आली. अडीच वर्षांत पहिलीच. सगळं घर धावलं. शुद्धीवर आल्यावर ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि अंगणात पांडुरंग मोठ्याने म्हणत होते की देवाचा शब्द मोडला की असंच व्हायचं. दत्तप्रसादने मान डोलवली. विनोदिनी उठून त्यांच्यावर धावून जाणारच होती, पण संजनाने तिचा पदर धरला.

"आये, मी सांजची गोळी घेवक नाय," ती पुटपुटली. "लय दिवस. न्हाणयेत टाकतंय."

"कित्या?"

"गोळी घेतली काय झोप येता. झोप इली काय तू वरडतंस."

अंगणातला आवाज विनोदिनीला ऐकू येत होता, पण आता त्या आवाजावर ओरडायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा सगळा राग वळून तिच्याच अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी पांडुरंगांनी सांगितलं की पुन्हा कौल लावायचा. आता पुस्तकाचा प्रश्न नाही. पोरीने शाळेत जावं की शाळेचा नाद सोडावा, हेच देवाला विचारायचं. विनोदिनी सगळ्यांबरोबर देवळात गेली. बाबलीने पाषाण पुसला, कळ्या पाण्यात भिजवल्या आणि पहिली कळी चिमटीत धरली.

"थांबा जरा, बाबलीकाका," विनोदिनी म्हणाली. ती बायकांच्या बाजूने पुढे आली होती. "कळी लावू नकात."

पांडुरंग म्हणाले, "देवाच्या दारात मधी बोलाचा नसता."

"आधी बोलाक कोणी दिल्यान नाय, म्हणान मधी बोलतंय, मामानू." तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच सगळे तिच्याकडे बघायला लागले. "कौल मोडलो म्हणान फीट येवक नाय. चेडवान गोळी सोडल्यान म्हणान इली. आणि गोळी सोडल्यान ती माज्या वरडण्याक भियान. ह्यो दोष माजो. देवाचो नाय, पुस्तकाचो नाय, भाषेचो नाय. माजो."

दत्तप्रसादला आता धीर आला. "मगे तरी इचारान बघूया, वयनी. तुमीच म्हणतास चेडू भियाला. शाळेत गेला तर..."

"इचारा," ती म्हणाली. "पण आधीच सांगान ठेवतंय. डावी पडली तरी मी चेडवाक शाळेत धाडतलंय. मगे देवाचो कौल ह्याच देवळाच्या पायरीवयल्यान मी मोडलेलो सगळो गाव बघतलो. माजा काय, माका गाव वळाखता. देवाक त्या लाजेत घालूचा आसात तर लावा कळी."

बाबलीच्या चिमटीतल्या कळीतून पाणी ठिबकत होतं. त्याने पांडुरंगांकडे पाहिलं. पांडुरंगांनी देवाकडे पाहिलं. मग त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. तेव्हा बाबलीने कळी परत तबकात ठेवली. जयवंत इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो पुढे झाला, संजनाचा हात धरला आणि म्हणाला, "चला घराक." घरच्या भांडणात त्याने काही ठरवून बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

त्यानंतर अभ्यास सकाळी होऊ लागला. भात शिजायला लावायच्या आधी विनोदिनी पुस्तक उघडायची, आणि गोळी ती स्वतः तळहातावर ठेवून द्यायची. ओरडणं थांबलं असं म्हणता येणार नाही. पण ओरडायला लागली की ती उठून परसात जायची आणि तिथे कोंबड्यांना ऐकवून परत यायची.

टेस्ट हेडमास्तरांच्या खोलीतच झाली. विनोदिनी दाराबाहेर उभी होती. आत संजना इंग्रजी प्रश्न वाचून मराठीत ओठ हलवत होती. हेडमास्तरांनी विचारलं, "काय पुटपुटतेस?"

"सर, प्रश्न घरी नेऊन आणतंय," ती म्हणाली, आणि लिहायला लागली.

हेडमास्तरांनी पेपर तिथेच तपासला. दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. मग बोटं काचेवर वाजवत ते म्हणाले की गणित चांगलंच आहे, इंग्रजीही चालण्यासारखं आहे, घेऊ आपण तिला आठवीत. फक्त मध्यंतरी फीट आली होती असं कळलं, तेव्हा जबाबदारी शाळेला घेता येणार नाही. घरचं कुणीतरी रोज शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसायला हवं. विनोदिनीने हो म्हटलं. लाकडावर कुऱ्हाड घालावी तसं म्हटलं, पण म्हटलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर, वर्गाच्या जनेलासमोर, खिडकीतून आतलं दिसेल अशी बसली. गणिताचा तास होता. मास्तर फळ्यावर काहीतरी झपाट्याने लिहून झपाट्याने पुसत होता, पोरं माना डोलवत होती, आणि ज्यांना कळत नव्हतं ती शेवटच्या बाकांवर होती. ते बघून विनोदिनीची कानशिलं तापली. ती जनेलातून बघत राहिली, पापणी न हलवता. संजनाने मागे वळून पाहिलं. पुन्हा फळ्याकडे. पुन्हा मागे.

मधल्या सुट्टीत पोर बाहेर आली. डबा उघडायच्या आधीच म्हणाली, "आये, तू घराक जा."

"आणि फीट इली तर?"

"इली तर येतली. बाजूच्या शेवंताक सांगलंय. कुशीर निजवायचा, तोंडात काय घालायचा नाय, गर्दी करू देवची नाय. तिका समाजला. हेडमास्तरांकय आताच सांगान इलंय. बरा म्हणाले."

"तू सांगलंस? तू?"

"व्हय. तू थंय बसलंस काय माका गणित सुचणा नाय. तू रागान बघतंस."

"मी खंय रागान बघतंय?"

"बघतंस," संजना म्हणाली. तिच्या आवाजात ना भीती होती ना तक्रार. नुसतं उत्तर होतं. "तुका कळणा नाय."

घंटा झाली आणि ती आत गेली. विनोदिनी बाकावरून उठली. राग तर आला होता. पण तो नेऊन ओतायचा कुठे? हेडमास्तर बरा म्हणाला होता. दीर, सासरे, देव, सगळे मैलभर मागे राहिले होते. ती फाटकाबाहेर येऊन हळर्णाच्या बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं तिच्याकडे बघत होती. आपला चेहरा नेमका कसा दिसतो, हे त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारावं असं तिला वाटलं. विचारलं मात्र नाही.